नोकरी-संसार सांभाळून ऑनलाइन आरपीजी: गेम निवडण्याचा योग्य क्रम

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायचे गेम) निवडताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. मित्र सांगतो तो गेम आधी डाऊनलोड होतो, कॅरेक्टरचा चेहरा घडवण्यात पहिली संध्याकाळ जाते, पाठोपाठ महिन्याची वर्गणी भरली जाते. तिसऱ्या आठवड्यात कळते की या गेमला रोज दोन तास बसणारा माणूस हवा आणि आपल्या हाती आहे रात्रीचा पाऊण तास. मग तो सोडून दुसरा गेम घेतला जातो आणि तिथेही तेच होते.

खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी स्वतःचा वेळ, मग वीज आणि नेट, मग गेमची मागणी, मग चाचणी. पैसे सर्वांत शेवटी. पहिली पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक तीच गाळतात, आणि पुढचे सगळे तिथेच फसते.

## पायरी १: दोन आठवडे वेळ लिहून काढा

"तुला किती वेळ मिळतो?" या प्रश्नाचे मनातल्या मनात दिलेले उत्तर जवळजवळ नेहमीच फुगलेले असते. म्हणून वही घ्या आणि दोन आठवडे नोंद ठेवा. वार, केव्हापासून केव्हापर्यंत मोकळे होतात आणि मध्ये किती वेळा उठावे लागले, एवढेच लिहायचे. नोंद अशी दिसेल: "मंगळवार, रात्री ९.४० ते १०.२५. दोनदा उठलो: गॅसवरचे दूध, आईचा फोन." ही नोंद ४५ मिनिटांची दिसते, पण तिच्यात सलग वेळ वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. गेमच्या दृष्टीने ही वीस मिनिटेच खरी.

दोन आठवड्यांनी वहीतून तीन गोष्टी काढा: सर्वांत जास्त वेळा मिळालेला सलग वेळ, हमखास मिळणारी सर्वांत मोठी बैठक आणि उठावे लागण्याचे प्रमाण. सरासरी काढू नका. पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एक दिवस काहीच नाही आणि रविवारी पाच तास मिळाले तर सरासरी रोजच्या तासाच्या वर निघते. प्रत्यक्षात रविवार सोडला तर तासाभराची बैठक एकदाही मिळालेली नसते.

गोव्यात आणखी एक गोष्ट धरावीच लागते. इथले वर्ष सगळ्यांना सारखे जात नाही. हॉटेल, टॅक्सी, शॅक अशा धंद्यात असाल तर ऑक्टोबर ते मार्च तुमच्या हाती फारसे काही उरत नाही आणि पावसाळ्यात वेळच वेळ असतो. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात शिफ्टवर असाल तर आठवडा बदलला की मोकळी वेळही बदलते. चवथीला (गणेश चतुर्थीला) गावच्या घरी गेलात की आठवडाभर पीसीचे तोंड दिसत नाही, आणि तसेच व्हायला हवे. हे सगळे वहीच्या शेवटच्या पानावर महिन्यांनुसार लिहा. पायरी ३ मध्ये ते लागेल.

सावधान: झोपेचा वेळ मोकळा म्हणून लिहू नका. रात्री साडेअकरानंतरचा तास वहीत धरला की त्यावर बेतलेला गेम महिनाभरात अंगावर येतो.

तपासणी: तुमचा वेळ एका वाक्यात सांगता यायला हवा. उदाहरणार्थ, "आठवड्यातून चार वेळा सलग ४० मिनिटे, रविवारी दुपारी दोन तास, डिसेंबरात शून्य." असे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

## पायरी २: वीज, नेट आणि घड्याळ

या तिन्ही गोष्टी आपल्या हाती थोड्याच असतात, म्हणून गेमची नावे बघण्याआधीच त्यांचा निकाल लावायचा.

वीज. पावसात ती जाणार हे गृहीत धरा. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडला की लॅपटॉप चालू असूनही गेम तुटतो. छोटा यूपीएस आधी या दोघांना लावा, डेस्कटॉपचा विचार नंतर. लावल्यावर भरवसा ठेवून बसू नका. एखादा गेम चालू करून घरचा मेन स्विच स्वतः खाली ओढा आणि गेम जोडलेला राहतो का ते पाहा.

सावधान: डायब्लो ४ किंवा पाथ ऑफ एक्झाइलमधला हार्डकोअर प्रकार पावसाळ्यात घेऊ नका. डायब्लोत मेलेले कॅरेक्टर कायमचे जाते. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये ते हार्डकोअरमधून बाहेर पडते. वीज गेली होती हे सर्व्हरला कळत नाही.

नेट. इथे स्पीडपेक्षा पिंग महत्त्वाचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय नीट पोचत नाही. राउटर सोप्यावर आणि पीसी आतल्या खोलीत असेल तर आधी लॅन केबल ओढा. त्यानंतर तुम्ही ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी पिंग मोजा. १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर काहीही खेळा. १५० ते २०० पर्यंत टार्गेट निवडून मारायचे गेम चालतात. २५० च्या वर नेमक्या क्षणी उडी मारून चुकवायच्या लढाया जड जातात.

अंतराचा हिशेब सोपा आहे. सिंगापूर जवळ, युरोप त्याहून लांब, अमेरिका सर्वांत लांब. गिल्ड वॉर्स २ आणि एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन यांचे सर्व्हर उत्तर अमेरिका आणि युरोप इथेच आहेत, तेव्हा आपण युरोप घ्यायचा. अल्बियन ऑनलाइनचा आशियाचा सर्व्हर सिंगापूरला आहे. फायनल फँटसी १४ मध्ये जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशिआनिया असे चार पर्याय आहेत, ते मोजूनच ठरवा. ओल्ड स्कूल रुनस्केपचे गणित वेगळे आहे. तो गेम दर ०.६ सेकंदाला एकदा पुढे सरकतो, त्यामुळे जास्त पिंग त्यात फारसा बोचत नाही.

घड्याळ. हा भाग जवळजवळ कोणीच बघत नाही. युरोपातले लोक रात्री ८ ला रेडला (मोठ्या गटाच्या लढाईला) जमतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात ११.३० आणि हिवाळ्यात १२.३० वाजलेले असतात. म्हणजे युरोपच्या सर्व्हरवर संध्याकाळच्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) नाव घालणे म्हणजे झोप गमावणे. उलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ८ म्हणजे आपले पहाटेचे ५.३० किंवा ६.३०. पहाटे उठणाऱ्याला कामावर जाण्याआधी भरलेला सर्व्हर मिळतो, फक्त पिंग सोसावा लागतो. जपानचे रात्रीचे ८ म्हणजे आपले दुपारचे ४.३०. सकाळची शिफ्ट करून तीनला सुटणाऱ्यासाठी ही वेळ उत्तम.

रोजचा रीसेट केव्हा होतो, म्हणजे रोजची कामे आणि बक्षिसे केव्हा नव्याने सुरू होतात, तेही लिहून ठेवा. गिल्ड वॉर्स २ मध्ये तो पहाटे ५.३० ला होतो, गेन्शिन इम्पॅक्टच्या आशिया सर्व्हरवर रात्री १.३० ला आणि फायनल फँटसी १४ मध्ये रात्री ८.३० ला. या शेवटच्या वेळेचा फायदा घेता येतो. तुम्ही ८ ते ९.३० बसत असाल तर रीसेटच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन दिवसांच्या रुलेट (रोज एकदा बक्षीस देणाऱ्या गटाच्या लढाया) एकाच बैठकीत होतात. म्हणजे एक दिवसाआड बसूनही रोजचे बक्षीस चुकत नाही.

तपासणी: डाऊनलोडची तयारी आहे का? मोठे गेम १०० जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठे असतात. ५० एमबीपीएसच्या नेटवर १०० जीबीला साडेचार तासांच्या आसपास लागतात. ते रात्री लावून ठेवा, मोकळ्या वेळेत नको.

## पायरी ३: गेम तुमच्याकडून काय मागतो

रिव्ह्यूत ग्राफिक्स, कथा आणि लढाई यांवर भरपूर लिहिलेले असते. वेळ कमी असलेल्याला हवी ती माहिती आपणच काढावी लागते. त्यासाठी चार प्रश्न पुरतात.

पंधरा दिवस आलो नाही तर काय जाईल? माझ्या मते निम्मी निवड या एका प्रश्नावर होते. उत्तरे तीन प्रकारची मिळतात. काही गेममध्ये काहीच जात नाही. गिल्ड वॉर्स २ २०१२ मध्ये आला तेव्हा शेवटची लेव्हल ८० होती आणि आजही ८०च आहे. एकदा चांगले गिअर (शस्त्रे, चिलखत) मिळाले की ते वर्षांनंतरही चालते. हॉटेलच्या सीझनमध्ये चार महिने गायब होणाऱ्याने याच जातीचा गेम आधी बघावा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही मागे पडता, पण ते भरून निघते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दर सीझनला (गेमच्या काही महिन्यांच्या टप्प्याला) नवे गिअर येते आणि जुने निरुपयोगी होते. तिथे दर आठवड्याला ग्रेट व्हॉल्टमधून एक वस्तू निवडता येते, आणि न खेळलेल्या आठवड्याची वस्तू गेली ती गेली. पण नवा सीझन आला की सगळेच पुन्हा खालून चढतात. तिसरा प्रकार जपून हाताळायचा. त्यात ठरावीक दिवसांचा इव्हेंट किंवा ठरावीक दिवसच मिळणारे कॅरेक्टर असते, आणि ते हुकले की पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसतो. गेन्शिनसारख्या गेममध्ये साधारण सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत हे चक्र चालू राहते. हुकल्याची हळहळ ज्याला सतावते त्याने इथून दूर राहावे.

एक पूर्ण काम किती मिनिटांचे? सुरुवात, शेवट आणि बक्षीस असलेला सर्वांत छोटा तुकडा शोधा. तो तुमच्या वहीतल्या सलग वेळेत बसायला हवा, तेही पाच-सात मिनिटे उरवून. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली मिथिक प्लस डंजन (छोट्या गटाने पार करायची मोहीम) घड्याळ लावून अर्ध्या तासाच्या आसपास चालते, पण माणसे जमवायला लागणारा वेळ त्यात नसतो. त्याच गेममध्ये २०२४ पासून आलेले डेल्व्ह एकट्याने करता येतात आणि पंधरा-वीस मिनिटांत संपतात. म्हणजे गेम तोच, पण तुमच्या वेळेत त्याचा कोणता भाग बसतो तेवढाच तुमचा.

मी उठलो तर कोण अडते? फायनल फँटसी १४ आणि वॉरक्राफ्ट या दोन्हींत जमलेल्या गटाला मध्येच सोडले तर अर्धा तास पुन्हा रांगेत उभे राहता येत नाही. ही शिक्षा किरकोळ आहे. खरे नुकसान मागे राहिलेल्यांचे होते: चौघांच्या गटातून हीलर (इतरांना बरे करणारा) उठला की उरलेल्या तिघांचीही संध्याकाळ गेली. म्हणून क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) निवडणे हासुद्धा वेळेचा निर्णय आहे. टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा) आणि हीलर यांना रांगेत फार थांबावे लागत नाही, डीपीएसला (फक्त मारा करणाऱ्याला) थांबावे लागते. घरात लहान मूल असेल, केव्हाही उठावे लागत असेल, तर रांगेत थांबणे पत्करा पण डीपीएस घ्या. सलग तास हमखास मिळत असेल तर हीलर शिका, त्या तासातला बराच भाग प्रत्यक्ष खेळायला मिळेल.

जागच्या जागी थांबता येते का? ऑनलाइन जगाला पॉज नसतो. गेन्शिन एकट्याने खेळताना मेनू उघडला की जग थांबते, पण हा अपवाद. बाकीच्या गेममध्ये शहर किंवा सुरक्षित जागा किती पटकन गाठता येते ते बघा. अल्बियनच्या लाल आणि काळ्या भागात दुसऱ्या खेळाडूने मारले तर अंगावरचे सगळे सामान जाते. दारावर माणूस आला म्हणून उठणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

## पायरी ४: यादी दोन नावांवर आणा

आता वहीतले वाक्य समोर ठेवा. खालच्या निवडी माझ्या आहेत. तुमच्या चार उत्तरांशी त्या ताडून पाहा.

वेळ तुटक असेल, दहा-वीस मिनिटांचे तुकडे असतील, तर ओल्ड स्कूल रुनस्केप. लाकूडतोड किंवा मासेमारी करताना काही मिनिटांतून एखादा टॅप पुरतो, आणि २०१८ पासून तेच अकाउंट मोबाइलवर आणि पीसीवर चालते. फोंड्याहून पणजीला बसने रोज जाणाऱ्याचा वेळ यात खरोखर कामी येतो. मोबाइलवरच पण कथेचे जग हवे असेल तर गेन्शिन. तिथले रेझिन (बक्षिसे घ्यायला खर्चावी लागणारी ऊर्जा) दर आठ मिनिटांना एक भरते आणि २०० ला थांबते. ते पूर्ण भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात, म्हणून दिवसातून एकदा येणे पुरते. पुन्हा पुन्हा डोकावण्याची गरज नाही.

रोज सलग पाऊण ते एक तास असेल तर गिल्ड वॉर्स २ किंवा एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन. पहिल्यात वर्ल्ड बॉस (सगळ्यांनी मिळून मारायचे मोठे शत्रू) ठरलेल्या वेळापत्रकाने येतात. वेळ बघून जायचे, अनोळखी गर्दीत मिसळायचे, पंधरा मिनिटांत मोकळे व्हायचे. गट जमवावा लागत नाही आणि मध्येच गेलात तरी कोणी अडत नाही. दुसऱ्यात २०१६ पासून जगाची पातळी तुमच्याबरोबर बदलते, म्हणून कालच सुरू केलेला भाऊ आणि दोन वर्षे खेळणारे तुम्ही एकाच ठिकाणी एकत्र फिरू शकता. क्राफ्टिंगचे (वस्तू घडवण्याचे) संशोधन तुम्ही नसतानाही चालू राहते. घोड्याचे शिक्षण मात्र दर २० तासांनी एकदाच होते आणि त्यासाठी लॉगिन करावेच लागते. ते चुकले तरी नुकसान काही नाही, फक्त घोडा हळू राहतो.

कथा वाचायची आवड असेल, घाई नसेल, तर फायनल फँटसी १४. मुख्य कथा प्रचंड लांब आहे आणि ती ओलांडल्याशिवाय पुढचे भाग उघडत नाहीत. ज्याला मित्रांबरोबर लगेच शेवटच्या रेडला जायचे आहे त्याला हा गेम देऊ नका. पण रोज एक प्रकरण वाचल्यासारखे खेळणाऱ्याला याच्यासारखा दुसरा नाही. मुख्य कथेतल्या डंजन ड्यूटी सपोर्ट या सोयीमुळे गेमच्याच पात्रांना घेऊन करता येतात, म्हणजे तुम्ही उठलात तरी माणसे अडत नाहीत.

फक्त पावसाळा मोकळा असेल तर सीझनवाला गेम घ्या. डायब्लो ४ मध्ये सीझन साधारण तीन महिन्यांचा असतो आणि प्रत्येक सीझनला सगळे नवे कॅरेक्टर घेऊन शून्यातून सुरू करतात. जूनमध्ये या, सप्टेंबरात जा, मागे काही राहत नाही.

नेहमीची चूक: "मित्र तिथे आहेत" म्हणून निवड करणे. मित्राची आणि तुमची मोकळी वेळ खरेच जुळते का ते वहीत बघा. जुळत नसेल तर त्याच गेममध्ये असूनही तुम्ही एकटेच खेळणार.

## पायरी ५: तीन बैठकांची चाचणी

दोन्ही गेम फुकट भागावर तपासा. फायनल फँटसी १४ चा मोफत भाग लेव्हल ७० पर्यंत चालतो आणि त्याला दिवसांची मर्यादा नाही. वॉरक्राफ्ट २० पर्यंत चालतो. गिल्ड वॉर्स २ चा मूळ गेम २०१५ पासून मोफत आहे, फक्त चॅट आणि व्यापारावर बंधने आहेत.

चाचणी रविवारी करू नका. तुमच्या सर्वांत सामान्य दिवशी, थकून आल्यावर, नेहमीच्या वेळेला करा. फोनवर स्टॉपवॉच लावा. आयकॉनवर क्लिक केल्यापासून लाँचर उघडणे, अपडेट, लॉगिन, कॅरेक्टर निवड, बॅग रिकामी करणे आणि कामाच्या जागेपर्यंत चालत जाणे, हे सगळे होऊन पहिली खरी लढाई किंवा संवाद सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहा. चाळीस मिनिटांच्या बैठकीत पंधरा मिनिटे यातच जात असतील तर गेम कितीही देखणा असो, तो तुमचा नाही.

दुसऱ्या बैठकीत मध्येच मुद्दाम उठा. पाच मिनिटांनी परत या आणि काय झाले ते पाहा. तिसरी बैठक चार दिवसांचा खंड पाडून घ्या. परत आल्यावर कुठे होतो, काय करत होतो हे दोन-तीन मिनिटांत आठवले का? ज्या गेममध्ये प्रत्येक खंडानंतर बटणे आणि कौशल्ये नव्याने शिकावी लागतात तो कमी वेळ असलेल्याच्या हाती टिकत नाही.

तपासणी: तीन बैठकांनंतर दोन्ही गेम सारखेच आवडले असतील तर स्टॉपवॉचचा आकडा लहान असलेला घ्या.

## पायरी ६: आता पैसे

महिन्याची वर्गणी तुम्ही खरोखर किती तास खेळणार त्याने भागा, आणि ते तास वहीतून घ्या. महिन्याला सात-आठ तासच मिळत असतील तर वर्गणीचा गेम बहुधा महाग पडतो. एकदाच विकत घ्यायचा गेम बरा, आणि स्टीमवर त्याची किंमत रुपयांत दिसते.

दोन धोके आधीच सांगतो. फायनल फँटसी १४ चा पूर्ण गेम एकदा घेतला की त्या अकाउंटवर मोफत भागाकडे परत जाता येत नाही, आणि स्टीमवरून घेतलेल्या गेमला पुढचे भागही स्टीमवरूनच घ्यावे लागतात. दुसरे, परदेशी कंपनीची दरमहा आपोआप होणारी कपात भारतीय कार्डांवर अडू शकते, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कपातीला वेगळी मंजुरी लागते. त्यापेक्षा एक-एक महिन्याचे पैसे हाताने भरा. न खेळलेल्या महिन्याचे पैसेही आपोआप वाचतील.

सावधान: वेळ नाही म्हणून पैसे टाकून पुढे जायचा मोह होतो. नशिबाने कॅरेक्टर देणाऱ्या गेममध्ये हा मोह सर्वांत महाग पडतो. गेन्शिनमध्ये पाच ताऱ्यांचे कॅरेक्टर ९० विशच्या (सोडतीच्या प्रयत्नांच्या) आत मिळते, पण ते तुम्हाला हवे तेच असेल याची खात्री नसते. महिन्याचा आकडा घरात आधी सांगून ठेवा.

## पायरी ७: पहिला महिना

एकच गेम, एकच कॅरेक्टर. दुसरा क्लास बघायची इच्छा महिन्यानंतर पुरी करा. गिल्ड शोधताना पहिल्याच निरोपात तुमची वेळ आणि गैरहजेरी सांगा: भारतीय वेळेने रात्री साडेनऊ, आठवड्यातून चार दिवस, चवथीला आणि डिसेंबरात नाही. ज्यांना हे चालत नाही ते लगेच कळवतात आणि दोघांचा वेळ वाचतो. हजेरीचा नियम असलेली गिल्ड घेऊ नका.

उठायच्या वेळेचा गजर शेवटच्या मिनिटाचा नको. दहा मिनिटे आधीचा लावा, म्हणजे नवी डंजन सुरू होत नाही. लॉगआउट करताना कॅरेक्टर सराईत किंवा शहरात ठेवा. वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ या दोन्हींत अशा जागी थांबलेल्या कॅरेक्टरला विश्रांतीचा बोनस साठतो आणि पुढच्या वेळी लेव्हल लवकर चढते. कमी येणाऱ्याला गेमने दिलेली ही मदत आहे, ती सोडू नका.

महिना संपला की वही पुन्हा उघडा. ठरवलेल्या बैठकांपैकी किती झाल्या आणि किती वेळा ठरलेल्या वेळेपलीकडे बसलात ते मोजा. बैठका होत नसतील तर पायरी ४ मधला दुसरा गेम घ्या. सारखे जास्तच बसत असाल तर गेम बदलू नका, त्या गेममधले रोजचे एक काम कमी करा आणि आणखी एक महिना नोंद ठेवा.